दूध सुटेपर्यंत

अहमदपूरला आमच्या गल्लीत रत्नम्माला अजून माघारी 'दूधवाली' म्हणत्यात. तिच्या दारात जन्मात कवा म्हैस बांधली न्हाई. कुणी नवं माणूस राहायला आलं अन् इचारलं की हे नाव कशापायी, तर बाया पदर तोंडाला लावून हसत्यात अन् अर्धंच सांगत्यात. अर्धं सांगणाऱ्याचा मला लई राग येतो. सांगायचं तर सगळं सांगा, न्हाई तर तोंडं मिटून भाकरी थापा.

मी सिद्धम्मा. रत्नाची काकू. तिचे वडील धोंडप्पा म्हणजे माझे थोरले भाऊजी. माझा मालक लवकर गेला, तवापासून मी ह्याच घरात. रत्नाची आई बाळंतपणात गेली, तवा तिला न्हाऊमाखू घालून वाढवली ती मी. तिच्या अंगाला हळद लावली ती मी, अन् कोर्टाच्या बाकावर तिच्या बाजूला बसून ढुंगण झिजवलं ते बी मीच. माझं तोंड तिखट हाय असं भाऊजी जन्मभर म्हणत आले. असू दे. ह्या घरात कुणाचं तरी तिखट पाहिजेच होतं.

रत्ना बोलायला कमी. लहानपणी बी मार खाईल पण एकदा न्हाई म्हणली की न्हाई. पोरीच्या जातीला हे बरं न्हाई असं शेजारणी म्हणायच्या. मला तिचं तेवढंच आवडायचं.

तिला उदगीरला दिली. कापडाचं दुकान, माडीचं घर, परड्यात आड. नवरा शिवमूर्ती दिसायला बरा, पण आईनं ऊठ म्हणलं की उठायचं अन् बस म्हणलं की बसायचं. सगळा कारभार आईचा, शरणम्माचा. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ठसठशीत, पूजेला दोन दोन तास बसायची, अन् सुनेच्या ताटातली पोळी मोजायची. पहिली पोरगी झाली. बसम्मा नाव ठेवलं, आम्ही बसू म्हणायचो. शरणम्मा पाचवीच्या दिवशी पाळण्यापाशी बी आली न्हाई.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. पाऊस गेला तो गेलाच. शरणम्मा म्हणली, आडाला पाणी येईपर्यंत सुनेला माहेरी ठेवा. पोरगी अंगावर पिती, कडेवर ती अन् हातात एक पत्र्याची पेटी. शिवमूर्तीनं अहमदपूरच्या स्टँडवर उतरवून दिलं अन् त्याच गाडीनं माघारी गेला. आमच्या घरापर्यंत बी आला न्हाई. आमच्याकडं काय नदी वाहत होती का? आम्ही बी टँकरपुढं घागरी घेऊन एकमेकीच्या झिंज्या उपटायचो. पण लेक दारात आल्यावर पाण्याचा हिशोब कोण करतंय. नंतर कळलं की आड आटायच्या आधीच त्यांनी भालकीकडची एक पोरगी बघून ठेवली होती. पाण्याचं नुसतं निमित्त.

आम्ही लिंगायत वाणी, शिमग्याच्या तोंडाला आमच्या मठात बैठक बसली. पंच म्हणजे कोण? सगळे दुकानदार, एकमेकाचे सोयरे. गुरुपादप्पा म्हणून एक म्हातारे, ते सगळ्यात पुढं. सोडचिठ्ठी ठरली. आमच्यात ते चालतं. पंचांपुढं सुटली की सुटली, मग बाईला उडकीचं साधं लग्न लावून दुसरं घर करता येतं. घोडं अडलं ते पोरीपाशी. गुरुपादप्पा म्हणले, पोर बापाची. पण तान्हं हाय, दूध सुटेपर्यंत आईपाशी राहू द्या. दूध सुटलं की उदगीरला पोचवायचं. धोंडप्पा, कबूल का?

अन् आमच्या भाऊजींनी गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि म्हणले, कबूल.

मी बायांच्या बाजूनं उठले. म्हणले, 'भाऊजी, जिची पोर तिला इचारलं का?' गुरुपादप्पांनी माझ्याकडं न बघताच हात केला, बायांनी मधी बोलायचं न्हाई म्हणून. दुसऱ्या कुणाचं असतं तर घरी येऊन शब्द फिरवला असता. कागद फाडता येतो, साक्षीदार उलटवता येतो. पण लिंग हातात घेऊन दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत न्हाई. मेला तरी न्हाई. भाऊजींना हे ठावं होतं, तरी चार लोकांत इज्जत राहावी म्हणून एका दमात कबूल म्हणून बसले. मी त्यांना आठ दिवस जेवायला वाढलं पण बोलले न्हाई.

रत्ना मठातून आली ती चुलीपाशी बसली. पोर पदराखाली घेतली. मग म्हणली, 'काकू, दूध कवा सोडायचं ते आईच्याच हातात असतंय न्हवं?'

मी म्हणले, 'हाव.'

'मग न्हाई सोडत,' म्हणली.

मला आधी वाटलं, दुःखात बोलायली. पण ती रत्ना होती.

आता दूध यायचं म्हणलं तर पोटात काही पाहिजे. त्या साली घराघरात अमेरिकेहून आलेली मिलोची लाल ज्वारी. भाऊजींच्या किराण्याच्या दुकानात डब्यांचे तळ दिसायले होते. मग रत्ना उठली अन् दुष्काळी कामावर गेली. रस्त्याचं काम निघालं होतं, तिथं खडी फोडायला बसली. वाण्याची लेक डोक्यावर टोपलं घेऊन भर बाजारातून जायली म्हणून भाऊजींनी दुकानाची एक फळी लावून घेतली अन् आत अंधारात बसले. कामावर सरकारची सुकडी, पीठगुळाचा खाऊ, मिळायची. बाकीच्या बाया ती पदरात बांधून लेकरांना न्यायच्या. रत्ना तिथंच बसून स्वतः खायची अन् पोरीला अंगावर घ्यायची. लोकांनी तिथं बी नावं ठेवली, लेकराच्या तोंडची सुकडी खाती म्हणून. एका मुकादमाच्या बायकोला मी भर रस्त्यात झापली. पण कितीजणींना झापणार?

दुष्काळ गेला, पाऊस आला, उदगीरच्या आडाला पाणी आलं. त्याला काय, तिथं दुसरी नांदायला लागली होती. दर सणाला उदगीरहून दुकानातला मुनीम यायचा, बसवंत म्हणून. उंबऱ्याबाहेर उभा राहायचा अन् भाऊजींना इचारायचा, 'अप्पा, दूध सुटलं का?' भाऊजी खाली मान घालायचे. रत्ना आतून पोरीला घेऊन यायची, ओसरीवर त्याच्या पुढ्यात मांडी घालून बसायची अन् पोरीला पदराखाली घ्यायची. बसवंत बिचारा भिंतीकडं तोंड करायचा अन् चहा न घेता स्टँडची वाट धरायचा. मला त्याची कीव यायची न्हाई. हसू यायचं.

बसू तिसरं वर्ष संपवून चौथ्यात गेली तवा शरणम्मा स्वतः आली. जावईमाणसाच्या घरची म्हणून मी पाट टाकला, पाणी दिलं. तिनं पिशवीतून डबी काढली. कडुलिंबाचा पाला वाटून आणला होता, हिरवागार. रत्नाच्या पुढं सरकवला अन् म्हणली, 'लाव. दोन दिवसांत सुटतंय. माझी पाच लेकरं अशीच सुटली.' भालकीवालीला तवर एक झालं होतं अन् दुसऱ्याचे दिवस होते. त्यांना सांभाळायला बिनपगारी पोरगी पाहिजे होती, हे तिनं पंचांना थोडंच सांगितलं होतं.

रत्नानं डबी उचलली. मला वाटलं, आता हिच्या तोंडावर मारती. पण तिनं बोटानं सगळा पाला लावून घेतला, शरणम्माच्या देखत, अन् बसूला हाक मारली. पोरगी आली, तोंड लावलं, थू केलं. आईकडं बघितलं. आईनं नुसतं बघितलं. मग त्या पोरीनं हातानं तोंड पुसलं अन् परत तोंड लावलं. डोळ्यांतून पाणी यायलं होतं, तोंड वेडंवाकडं व्हायलं होतं, पण सोडलं न्हाई. शरणम्मा उठली. दारात म्हणली, 'तू डाकीण हायस.' मी म्हणले, 'विहीणबाई, डबी राहिली तुमची.' अन् डबी तिच्या मागं भिरकावली.

तवा आम्ही जिंकल्यावाणी हसलो होतो. लेकराच्या तोंडाची चव काय झाली असंल, ते कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.

पाचवं सरलं. खरं सांगायचं तर दूध कवाच आटलं होतं. उरली होती ती सवय अन् गल्लीला दाखवायचा हट्ट. बसू शाळेत जायला लागली. पोरं तिला 'दूधखुळी' म्हणून मागं लागायची. एक दिवस ती दप्तर टाकून उभी राहिली अन् आईला म्हणली, 'अव्वा, आता मला नको. कवाच नको.' आईला अव्वा म्हणायचं ती उदगीरच्या रक्तातूनच घेऊन आली होती जणू.

रत्नाच्या तोंडचं पाणी पळालं. दूध सुटलं होतं. भाऊजी तर कोपऱ्यात बसून लिंग हातात घेऊन पुटपुटायला लागले, उद्या पोचवावं लागंल म्हणून. रत्ना उठली, चपला घातल्या, मला म्हणली, 'काकू, चला वकिलाकडं.' एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती वाणी गल्लीच्या बाहेर न्याय मागायला निघाली.

वकील व्यंकटराव, नवा पोरगा, कोट बी मापाचा नव्हता. त्यानं सगळं ऐकलं अन् हसला. म्हणला, 'ताई, पंचांच्या शब्दाला कोर्ट बांधील न्हाई. अन् पाच वर्षांपर्यंत तर कायद्यानंच लेकरू आईपाशी ठेवत्यात सहसा. तुम्ही नाहक जीव काढला.'

नाहक म्हणला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणले, 'तुमचा कायदा आमच्या गल्लीत कुणी सांगायला आलता का? पंच घरी येऊन सांगून गेले, वकील आला न्हाई.' नंतर त्यानं जीव लावून काम केलं, ते मात्र खरं. रत्नाचं अन् बसूचं पोटगीचं प्रकरण त्यानं अहमदपूरच्या कोर्टात घातलं. भाऊजी म्हणले, शब्द मोडला, मी मेलो. रत्ना त्यांना म्हणली, 'अप्पा, शब्द तुमचा होता. तुम्ही पाळा. मी कुठं दिलता?' बापाला असं बोललेली ती पहिलीच वेळ.

पोटगी मंजूर झाली. अन् त्याच्या मागोमाग उस्मानाबादच्या जिल्हा कोर्टातून नोटीस आली. शिवमूर्तीला लेक पाहिजे. पाच वर्षांत जो बाप एकदा दारात आला न्हाई, त्याला पोटगी लागल्याबरोबर पान्हा फुटला. उदगीरच्या मोठ्या वकिलानं त्याला शिकवलं होतं की पोरगी तुझ्याकडं आली की तिची पोटगी गेली. अर्जात लिहिलं होतं की आईचं डोकं ठिकाणावर न्हाई, तिनं लेकराला नको त्या वयापर्यंत अंगावर पाजलं, लेकराची बेइज्जती केली, अन् समाजाचा शब्द मोडला. सगळ्या दाव्याचा खर्च बी आमच्याकडूनच मागितला होता. व्यंकटरावानं वाचून दाखवलं तवा रत्नानं एकदाच इचारलं, 'हे खरं धरतेत का तिथं?'

तवापासून आमच्या तारखा सुरू झाल्या. पहाटेच्या गाडीनं लातूर, तिथं गाडी बदलून उस्मानाबाद. डब्यात भाकरी अन् शेंगाची चटणी. ते लोक जीपनं यायचे, धुळीनं आम्हाला माखून पुढं जायचे. कोर्टात आम्ही ह्या बाकावर, ते त्या बाकावर. शरणम्मा पहिल्या-पहिल्यांदा यायची, कपाळाला विभूती लावून, अन् पाण्याच्या माठापाशी रत्नाचा पदर लागला तर स्वतःचा झटकायची. त्यांचा वकील आज आजारी, उद्या दुसऱ्या कोर्टात, परवा कागद आला न्हाई. येण्याजाण्याचा खर्च बापानं द्यावा असा हुकूम झाला, तर तो बी पुढच्या तारखेला देतो म्हणायचा अन् पुढची तारीख वाढवून घ्यायचा. पोरगी मोठी व्हायली होती. तिच्या डोळ्यांदेखत चालू होतं हे सगळं, कारण तिला ठेवायचं कुणाकडं? भाऊजींकडं ठेवली असती तर त्यांनी शब्द पाळायला तिला उदगीरच्या गाडीत बसवली असती. आम्हाला खरंच ती भीती होती.

मधीच शरणम्मा गेली. मी खोटं बोलत न्हाई, मला बरं वाटलं. आम्हाला वाटलं, आता मिटंल. पण शिवमूर्तीनं दावा काढून घेतला न्हाई. आईनं चालू केलेलं दुकान त्याला बंद करायला बी येत न्हाई, तसंच दाव्याचं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. लोकांनी गुलाल उधळला, गंजगोलाईत ढोल वाजवले. आमचं प्रकरण उस्मानाबादहून लातूरला आलं. रत्ना म्हणली, चला, एक गाडी तरी वाचली. जिल्ह्याचं आम्हाला एवढंच सुख.

शेवटच्या तारखेला रत्ना पिंजऱ्यात उभी राहिली. मी अन् बसू दाराशी बाकावर. दार उघडंच होतं. त्यांच्या वकिलानं चष्मा पुसला अन् मोठ्यानं इचारलं, 'बाई, तुम्ही मुलीला वयाच्या कितव्या वर्षापर्यंत अंगावर पाजलं?'

रत्ना म्हणली, 'पाच.'

लोक हसले. पट्टेवाला हसला, आमच्या मागं उभे असलेले दुसऱ्या दाव्याचे पक्षकार हसले. जज साहेबांनी टेबलावर हात आपटला. वकील म्हणला, 'कशासाठी? लेकराला भूक होती म्हणून, की तुम्हाला कुणाला खिजवायचं होतं म्हणून?'

रत्नानं त्याच्याकडं सरळ बघितलं. मग म्हणली, 'दूध सुटलं की पोरगी नेणार होते. तुमच्या आईला असं कुणी सांगितलं असतं तर तिनं कितव्या वर्षी सोडलं असतं?'

वकील कागद चाळायला लागला. शाबास पोरी, मी मनात म्हणले. मी बसूचा हात दाबला, तर पोरीनं हात काढून घेतला. तोंड लालबुंद, मान खाली. शाळेत दहा पोरं हसायची, इथं सगळं कोर्ट हसलं होतं.

साहेबांनी बसूला एकटीला आत बोलावलं. पोरगी दहाची, तिला इचारावं लागतंय असं व्यंकटराव म्हणला. बराच वेळ आत होती. बाहेर आली ती माझ्याकडं न बघता माठाकडं निघाली. मी आडवी आले. 'काय म्हणलीस?'

'उदगीर म्हणले.'

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणली, 'तिथं मला कुणी दूधखुळी म्हणत न्हाईत. तिथं कुणाला ठावं न्हाई.' माझा हात वर गेला होता. खरं सांगते, त्या पोरीला मी त्या दिवशी फोडून काढली असती. जिनं तुझ्यापायी खडी फोडली, जिनं हसू करून घेतलं, तिच्या तोंडावर हे? पण रत्ना माझ्या मागं उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती पायरीवर बसली. पोरगी खांबाआड माठापाशी गेली.

साहेब जेवायला उठले. निकाल दुपारून सांगतो म्हणले. तिकडं त्यांच्या वकिलाला बातमी लागली होती, त्यानं शिवमूर्तीच्या पाठीवर थाप मारली. शिवमूर्ती म्हणला, 'म्हणजे आजच न्यायची?' वकील म्हणला, 'आजच. जीप हाय की.' तवा मी त्याचं तोंड बघितलं. माणूस दावा जिंकल्यावर असं पडलेलं तोंड करतो, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

थोड्या वेळानं तो आमच्या पायरीपाशी आला. दहा वर्षांत पहिल्यांदा रत्नाशी बोलला. टोपी हातात.

'रत्नम्मा, ऐक. पोरगी तुझ्यापाशीच राहू दे.'

रत्नानं वर बघितलं.

'घरात तीन लेकरं हायत. घरची म्हणायली, हिला आणली तर मी भालकीला जाते. आता आई बी न्हाई मधी पडायला. तू पोरीला समजाव, परत साहेबापुढं बोलायला लाव. फक्त वकिलाकडं लिहून दे की पोटगी सोडली. मागची बी अन् पुढची बी. दाव्याचा खर्च ज्याचा त्यानं.'

मी तोंड उघडलं होतं, असं बोलणार होते की त्याच्या सात पिढ्यांना ऐकू गेलं असतं. रत्नानं माझा पदर ओढला.

'आण कागद,' म्हणली ती. 'सही करते.'

कोर्टानं मंजूर केलेलं सगळं ती एका शब्दात द्यायला तयार झाली. मला तिचा लई राग आला. ह्याला असं मोकळं सोडायचं? पण तिला दुसरं काही दिसत नव्हतंच. तिला पोरगी पाहिजे होती, एवढंच, आधीपासून.

शिवमूर्ती वळला अन् थबकला. खांबाआडून बसू पुढं आली होती. हातात पाण्याचा गिलास तसाच.

'मला न्यायचं न्हाई का तुम्हाला?' म्हणली.

'तसं न्हाई बाळ,' तो म्हणला. 'तुझ्या भल्याचंच...'

ती पुढं ऐकायला थांबली न्हाई. गिलास पायरीवर ठेवला अन् सरळ पट्टेवाल्यापाशी गेली. 'साहेबांना सांगा, मला परत बोलायचं हाय.' पट्टेवाला म्हणला, साहेब जेवायलेत. 'मग मी थांबते,' म्हणली अन् दारापाशी उभी राहिली. आईचीच लेक. साहेब आल्यावर तिला आत घेतलं. ह्या वेळेला तिनं दार लावू दिलं न्हाई. आम्ही सगळे बाहेर, शिवमूर्ती बी, त्याचा वकील बी.

'मी अव्वापाशी राहणार,' ती म्हणली. साहेबांनी इचारलं, मघाशी तर वेगळं म्हणलीस, आता कशामुळं? कुणी शिकवलं का?

'कुणी न्हाई,' म्हणली. 'हे मला सोडून पैसे वाचवायलेत. अव्वा मला ठेवण्यासाठी पैसे सोडायली. मी कानानं ऐकलं.' मग म्हणली, 'पण पैसे ह्यांनी द्यायचे. तिनं सोडले तरी द्यायचे.'

ह्या वेळेला कुणी हसलं न्हाई. उदगीरच्या वकिलानं उठून काही बोलायला बघितलं, साहेबांनी त्याला बसवलं अन् शिवमूर्तीला पुढं बोलावून इचारलं, पायरीपाशी असं बोलला होतात का? त्यानं सवयीनं मागं वळून बघितलं. मागं सांगायला आई नव्हती. मग म्हणला, हाव.

संध्याकाळच्या आत निकाल झाला. पोरगी आईपाशी. पोटगी चालू. मागचं थकलेलं सगळं अन् दोन्हीकडचा दाव्याचा खर्च बापानं द्यायचा. व्यंकटराव नाचायचा बाकी होता. मी शिवमूर्तीच्या जीपपाशी जाऊन उभी राहिले अन् तो बसेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिले. बोलले काही न्हाई. बोलण्यापेक्षा ते त्याला जास्त लागलं असंल अशी मला आशा हाय.

अहमदपूरची गाडी मिळाली. तिघी एका बाकावर, बसू मधी. मला वाटलं होतं, आता मायलेकी गळ्यात पडून रडतील. कसलं काय. चाकूर गेलं तरी दोघी समोर बघत बसल्या होत्या. मी दोनदा घसा खाकरला. कुणी दाद दिली न्हाई.

मग बसू म्हणली, 'अव्वा, मी आधी उदगीर म्हणले होते.'

'ठावं हाय.'

'राग आला?'

दुसरी कुणी असती तर म्हणली असती, न्हाई गं माझ्या राजा. रत्ना म्हणली, 'हाव. लई आला. अजून हाय.'

पोरगी खिडकीकडं बघायला लागली. मग एकदम म्हणली, 'मला बी तुझा हाय. तो पाला कडू होता. मला सगळं आठवतंय. तू बघत होतीस अन् तरी पाजलंस. सगळे मला हसत्यात ते तुझ्यामुळं. मी तुझा राग करणार. मोठी झाले तरी करणार.'

मी रत्नाकडं बघितलं. पाला लावल्या दिवशीची ती जिंकल्याची कळा तिच्या तोंडावरून उतरली होती. पाला लावला तवा मी तिथंच होते, हसले बी होते. ती डबी कुणाच्या तोंडात गेली हे आता दोघींना बी एकदमच कळलं.

'कर,' रत्ना म्हणली. 'पाहिजे तेवढा कर. माझ्यापाशी राहून कर.'

शिरूर ताजबंदला गाडी थांबली. मी उतरून भजी आणली. तिघींनी एकाच कागदावर घेऊन खाल्ली.